पोत्याला नाक नसतं

“पोतं पालथं टाक,” आण्णा म्हणाले.

ज्वारीच्या पोत्याला पालथं कुठलं आणि उताणं कुठलं, हे मला आजवर कळलेलं नाही. पण आण्णांना उलट शंका विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती. मी कोपऱ्यातलं पोतं ओढत मधल्या खोलीत आणलं आणि धपकन आडवं केलं. आण्णांनी विजारीचे पाय वर ओढले, डावा गुडघा पोत्याच्या बरोबर मध्यावर रोवला आणि पोत्याचे दोन कोपरे मागं पिरगाळून धरले. पोतं म्हणजे कुणी फरारी दरोडेखोर असावा, असा त्यांचा चेहरा झाला होता.

“हिला म्हणायची धर. कितीबी दांडगा गडी असू दे, गुडघा एकदा पाठीवर बसला का संपला. काठी न्हाई, रगात न्हाई. जीप येईस्तवर नुसतं बसून ऱ्हायचं.”

“आणि तो ओरडायला लागला तर?”

“वरडू दे की. वरडतोय म्हंजी वारा आत जातोय, भाईर येतोय. वरडतोय तवर काळजी न्हाई.”

“आणि गप झाला तर?”

“मग तर लईच ब्येस. वळणावर आला म्हणायचं.”

आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिनं मान वळवून एकदा पोत्याकडं आणि एकदा आण्णांकडं बघितलं.

“अवो, पर पोत्याला कुठं नाक असतंय?”

“काय?”

“न्हाई, म्हटलं पोत्यावर कोनबी बसंल. त्याला कुठं नाक हाय, का तोंड हाय.”

“तू तुजी भाकरी बघ,” आण्णा म्हणाले. भाकरी करपलीच होती, त्यामुळं आईला ती बघावी लागली आणि विषय तिथंच राहिला.

माझे वडील, धोंडीराम येडगे, पोलीस हवालदार. हवालदार हा शब्द मी मुद्दाम ठासून लिहिते आहे. त्यांना शिपाई म्हटलेलं खपायचं नाही. एका नातलगानं लग्नपत्रिकेत ‘पोलीस शिपाई’ छापलं, तर हे लग्नालाच गेले नाहीत. आई एकटी जाऊन आहेर करून आली. कुणीही, कुठूनही, कितीही लांबून ‘शिपाई’ म्हटलं की आण्णांच्या तोंडून ‘हवालदार!’ असं निघायचंच. झोपेतसुद्धा निघायचं. आम्ही भावंडांनी लहानपणी त्यांच्या उशाशी बसून हे कितीदा तरी करून बघितलं होतं.

मी तेव्हा लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं कॉलेज सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी, बंद पडलेल्या जिनिंगच्या इमारतीत भरायचं. वर्गात अजून सरकीचा वास यायचा. तिथं दरवर्षी अभिरूप न्यायालय व्हायचं. म्हणजे खटला खोटा, पण वकील, साक्षीदार, आरोपी सगळे आम्हीच विद्यार्थी, आणि न्यायाधीश म्हणून बाहेरचं कुणी मोठं माणूस. जिंकणारा वकील पुण्याला राज्याच्या स्पर्धेला जायचा. आमच्या कॉलेजातून आजवर एकही मुलगी गेली नव्हती, आणि मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की पुण्याला नेसायची साडीसुद्धा मी ठरवून ठेवली होती. साडी मावशीची होती. मावशीला अजून सांगायचं होतं, एवढंच.

त्या वर्षीचा खटला असा होता. आठवड्याच्या बाजारात भानुदास नावाचा माणूस दारू पिऊन दंगा करतो. एक पोलीस शिपाई त्याला पालथा पाडतो, पाठीवर गुडघा ठेवतो आणि जीप येईपर्यंत तसाच बसून राहतो. जीप येते तेव्हा भानुदास मेलेला असतो. आता त्या शिपायावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, नुसत्या निष्काळजीपणाचा लागतो, की काहीच लागत नाही? चिठ्ठ्या टाकल्या. सरकारी वकील निघाला नेताजी लोहार आणि आरोपीची वकील मी.

नेताजी म्हणजे वाऱ्यानं उडेल असा पोरगा. आवाज इतका हळू की त्याचं बोलणं ऐकायला माणसं पुढं वाकायची, आणि एकदा वाकली की त्याचंच ऐकत बसायची. मला त्याचा भारी राग यायचा. मी आपली घसा फोडून बोलायचे आणि टाळ्या मात्र त्याला.

खटला ऐकून आण्णा भरल्या ताटावरून ताडकन उठले होते.

“शिपायावर मनुष्यवध? आपलं काम करणाऱ्या माणसावर?”

“आण्णा, अहो खटला खोटा आहे.”

“खोटा हाय ते दिसतंयच की!”

तेव्हापासून माझ्या तयारीचा ताबा त्यांनी घेतला. मी त्यांना कायदा समजावून सांगितला. म्हटलं, “आण्णा, सगळं जाणिवेवर आहे. ह्यानं माणूस मरू शकतो हे ठाऊक असून जो करतो, तो मोठा गुन्हेगार. ज्याला ते ठाऊकच नव्हतं, त्याच्यावर तो गुन्हा लागत नाही.”

“मग सुटला की आपला गडी!” आण्णांनी मांडीवर थाप मारली. “आगं, सगळी नोकरी गेली माझी ह्यात. मला ठावं न्हाई, तर त्या कालच्या पोराला कुठलं ठावं असंल? एकबी मेला न्हाई माझ्या गुडघ्याखाली. सांग असं कोर्टात. न्हाईतर ऱ्हाऊ दे, मीच येऊन सांगतो.”

अशा रीतीनं आण्णा आमचे तज्ज्ञ साक्षीदार झाले. आणि खटल्याच्या दिवशी सकाळी निघायच्या आधीसुद्धा त्यांनी पोत्यावर एकदा हात साफ करून घेतला.

कॉलेजच्या हॉलात पहिल्या दोन रांगा पोलीस लाईननं भरून टाकल्या होत्या. आण्णांनी घरोघर जाऊन आमंत्रण दिलं होतं. ड्युटी नसलेले सगळे साध्या कपड्यांत आले होते, कुणी बायकोला घेऊन, कुणी सासूला. मी ‘न्यायमूर्ती महोदय’ एवढं म्हटलं तरी टाळ्या पडायच्या. न्यायमूर्ती होते टेंबेसाहेब, निवृत्त न्यायाधीश. खुर्चीत टेकल्याबरोबर त्यांनी डोळे मिटून घेतले. ते डोळे मिटून ऐकतात, असं आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं होतं.

नेताजीची पहिली साक्षीदार म्हणजे मयत भानुदासची बहीण. ते काम केलं उज्ज्वला मानेनं. ती बया नऊवारी नेसून आली होती आणि पिंजऱ्यात शिरायच्या आधीच तिनं डोळ्यांना पदर लावला. तिनं हंबरडा फोडून सांगितलं, “मी त्येंच्या पाया पडले. म्हटलं, उठा माझ्या भावाच्या पाठीवरनं, मरंल त्यो! पर कुनी ऐकलं न्हाई वो.”

मागच्या रांगांत एकदोघींनी खरंच नाकं ओढली. मी उठले. काळा कोट आमच्या वर्गातल्या बजरंगच्या वकील चुलत्याचा होता, मला गुडघ्यापर्यंत यायचा. पण त्यात शिरलं की मला वेगळाच जोर चढायचा.

“बाई, शिक्षण किती?”

“चौथी.”

“डॉक्टर आहात?”

“न्हाई वो.”

“नर्स? कंपाउंडर? मग मरेल हे तुम्हाला कशावरून कळलं?”

“दिसत हुतं की.”

“काय दिसत होतं?”

उज्ज्वलाला हे पाठ दिलेलं नव्हतं. ती नेताजीकडं बघायला लागली. “दिसत हुतं,” ती पुन्हा म्हणाली.

“न्यायमूर्ती महोदय, चौथी शिकलेल्या बाईला पालथ्या माणसाचं मरण दिसतं. मग सरकारनं दवाखाने तरी कशाला बांधले?”

हॉल हसून हसून लोळला. पोलीस लाईननं तर शिट्ट्या मारल्या. टेंबेसाहेबांनी एक डोळा उघडून ‘शांतता’ म्हटलं आणि परत मिटला. मी नेताजीकडं बघितलं, तर तो खाली मान घालून काहीतरी विचार करत होता. मला वाटलं, झालं, पुणं आलं.

मग मी आण्णांना बोलावलं. कडक इस्त्रीचा पोशाख, पुसलेला पट्टा, बूट असे की भांग पाडावा. टेंबेसाहेबांनी डोळे न उघडता विचारलं, “साक्षीदार कोण? पोलीस शिपाई येडगे?”

“हवालदार!” पिंजरा हादरला.

मी त्यांना विचारलं आणि त्यांनी पोत्याच्या साक्षीनं घोटलेलं सगळं घडाघडा सांगितलं. धर कशी असते, काठी लागत नाही, रगात निघत नाही, वरडतोय तवर काळजी न्हाई, गप झाला की वळणावर आला. एकबी मेला न्हाई. मी खाली बसले.

नेताजी उठला आणि नेहमीच्या त्या हळू आवाजात म्हणाला, “हवालदारसाहेब.”

आण्णा जरा विरघळले. “बोल, बाळ.”

“तुमच्या पाठीवर कधी कोणी बसलंय का?”

“माझ्या? कुणाची बिशाद हाय!”

“म्हणजे खालच्या माणसाला काय होतं, ते तुम्हाला वर बसूनच कळलं.”

लोक हसले. आणि ह्या वेळी हसण्यात पोलीस लाईनसुद्धा होती, तेच आण्णांना झोंबलं. त्यांचे कान लाल झाले.

“वरनं समदं कळतंय! पटत न्हाई? मग बसा की माझ्यावर. आत्ता बसा, हितं, समद्यांच्या म्होरं. बघूच काय हुतंय!”

“नाही, नाही, तशी गरज नाही,” नेताजी घाईघाईनं म्हणाला.

“प्रात्यक्षिक?” टेंबेसाहेबांचे दोन्ही डोळे उघडले. “न्यायालयाची परवानगी आहे.”

नेताजीनं हरकत घेतली. मी त्याच्या हरकतीवर हरकत घेतली. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. समोर जिवंत पुरावा आणि तोही माझ्या बाजूचा!

आण्णांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि हॉलच्या मधोमध सतरंजीवर पालथे पडले. आरोपी शिपायाचं काम बजरंग सावंत करत होता. बजरंग तालमीतला गडी. सांगितलेलं ऐकायचं, एवढाच त्याचा स्वभाव. कायद्यालाही तो चुलत्यानं सांगितलं म्हणूनच आला होता. आण्णांनी त्याला खालूनच शिकवायला सुरुवात केली.

“गुडघा मधी घे. अजून वर. हां. हात मागं. आता ऐक बजा, मी झटापट केली का दाब वाढवायचा.”

“बरं, आण्णा.”

“मी सोड म्हटलं तरी सोडायचं न्हाई. समदेच म्हणत्यात.”

“बरं, आण्णा.”

“लाजायचं न्हाई. पुरा भार टाक.”

बजरंगनं पुरा भार टाकला. आण्णांनी “अरं सोड! ए सोड की!” म्हणून नाटक सुरू केलं आणि हॉलमध्ये हशा उसळला. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “येडगे, नाटक कंपनीत जायला पायजे हुतं!” मग आण्णांनी अशा काही शिव्या घातल्या की सासूबाईंनी तोंडाला पदर लावले. टेंबेसाहेब म्हणाले, “अपशब्द नोंदीतून वगळा.”

मी आण्णांकडं पाठ करून न्यायपीठासमोर उभी राहिले आणि युक्तिवाद सुरू केला. इतकी मी आयुष्यात कधी रंगले नव्हते.

“न्यायमूर्ती महोदय, ऐका! हा आवाज म्हणजेच श्वास चालू असल्याचा पुरावा. ओरडणारा माणूस मरणाच्या दारात आहे, असं कुठल्या शहाण्याला वाटेल?”

टाळ्या. मागं सतरंजीवर बुटांचे दणके ऐकू येत होते. मी वळून बघितलं, आण्णा लाथा झाडत होते आणि बजरंग सांगितल्याबरहुकूम अजून दाब देत होता.

“पाहा, प्रतिकार अजून चालूच आहे! मग दाब वाढवण्यावाचून गत्यंतर होतं का?”

पुन्हा टाळ्या. “सोड,” आण्णा म्हणाले. मग एकदा बारीक “सोड.” मग दणके थांबले.

“वळणावर आले!” बजरंगनं अभिमानानं जाहीर केलं.

“शाब्बास येडगे!” पोलीस लाईन उभी राहिली.

मी टाळ्या ओसरू दिल्या. मग हात लांब करून, आवाजात जेवढा गोडवा आणता येईल तेवढा आणून म्हटलं, “आणि आता पाहा, न्यायमूर्ती महोदय. दंगा थांबला. कुणाला इजा नाही. हा साधा शिपाई...”

आणि मी थांबले.

का थांबले ते आधी माझं मलाच कळलं नाही. काहीतरी राहून गेलं होतं. काहीतरी यायचं होतं ते आलं नव्हतं. टोपी माझ्या हातात होती. मी वळले.

“हा शिपाई,” मी आण्णांकडं बघत पुन्हा म्हटलं.

सतरंजीवरून काहीच आलं नाही. आण्णांचा एक गाल जमिनीला चिकटला होता आणि दिसत होता तो कान पिकल्या जांभळासारखा झाला होता. उजव्या हाताची बोटं सतरंजीवर हळूहळू ओरखडत होती. हॉल अजून हसत होता.

“उठ!” मी किंचाळले. “उठ त्यांच्या पाठीवरनं! मरतील आण्णा!”

बजरंग गोंधळला. “पर आण्णाच म्हणाले, सोड म्हटलं तरी...”

माझ्या आधी नेताजी पोचला. त्या काडीसारख्या पोरानं तालमीतल्या बजरंगच्या छातीवर अशी धडक मारली की दोघंही जाऊन उज्ज्वलाच्या अंगावर पडले. मी आण्णांना कुशीवर वळवलं. आण्णांच्या तोंडात माती गेली होती. मग त्यांनी आत श्वास ओढला, आणि तो आवाज काय होता, सांगता येत नाही. कोरड्या विहिरीत बादली आपटावी तसा. एकदा, दोनदा, मग खोकला, मग पुन्हा. मी भर कोर्टात मोठ्यानं रडत होते, बजरंगच्या चुलत्याचा कोट घातलेला, आण्णांची टोपी काखेत. कुणी पाणी आणलं. कुणी कांदा आणला, तो कशाला ते त्यालाच ठाऊक.

बऱ्याच वेळानं आण्णांनी डोळे उघडले. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

“हवालदार,” ते म्हणाले.

मी त्यांच्या गळ्यात पडले. पोलीस लाईन आता गप होती. डॉक्टरना बोलावलं, त्यांनी छाती तपासली, पाठ तपासली, काळजीचं कारण नाही म्हणाले, आणि आण्णा भिंतीला टेकून बसले. तेव्हा टेंबेसाहेब पूर्ण जागे होऊन माझ्याकडं बघत होते.

“वकीलबाई, आपण डॉक्टर आहात का?”

“नाही, साहेब.”

“नर्स?”

“नाही.”

“मग ते मरतील, हे आपल्याला कशावरून कळलं?”

“दिसत होतं,” मी म्हटलं.

म्हटलं, आणि मग ऐकलं. उज्ज्वला तिकडं नऊवारीची धूळ झटकत होती, तिनंही मान वर केली. नेताजीनं मात्र माझ्याकडं बघितलं नाही. मला मेलं त्याचंच जास्त लागलं.

“आरोपीच्या वकिलानंच आरोपीविरुद्ध इतकी निर्णायक साक्ष दिलेली मी माझ्या कारकिर्दीत पाहिली नाही,” टेंबेसाहेब म्हणाले. नेताजी पुण्याला गेला. मावशीला साडीचं कधी कळलंच नाही.

हॉल रिकामा झाल्यावर आण्णा आणि मी बाहेर पायरीवर बसलो. समोरच्या चरकावरून मी उसाचा रस आणला होता. आण्णांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं आणि इस्त्रीचं पार मातेरं झालं होतं. ते रस घोट घोट घेत होते, मधूनच थांबून नाकानं मोठा श्वास घेत होते, येतोय का नाही ते बघितल्यासारखा.

“शके, मी सोड म्हणत हुतो.”

“ऐकलं, आण्णा.”

“पयल्यांदा नाटक हुतं. मागनं न्हवतं.”

“कुणाला कळलं नाही.”

“कसं कळंल? मीच शिकवलं हुतं.” त्यांनी आणखी एक घोट घेतला. “लाथा मी सुटायला झाडत न्हवतो गं. वारा पायजे हुता. बजाला वाटलं दांडगाई करतोय, त्यो दाबतोय. त्यो दाबतोय म्हणून मी झाडतोय. आन वरडायचं म्हणशील तर वरडायला लई थोडा वारा लागतोय. आत जायाचा बंद झाला तरी उरलेल्या वाऱ्यावर वरडाय येतंय माणसाला.”

मी त्यांच्या कॉलरवरची धूळ झटकली.

“किती जणांवर बसलो असंन मी? समदी सोड म्हणायची. आन गप झालं का मी म्हणायचो...” त्यांनी रसाचा पेला खाली ठेवला. मी माझ्या वडलांच्या डोळ्यांत पाणी कधी बघितलं नव्हतं, आणि त्यांनी ते पुसायचंसुद्धा टाळलं नाही.

“ते तू काय म्हणत हुतीस? ठावं नसलं तर सुटतोय म्हणून?”

“जाणीव.”

“हां, जाणीव. म्हंजी आज सकाळपतूर काय झालं असतं तर मी सुटलो असतो.”

“हो.”

“आन आता?”

मी त्यांची लेक होते आणि त्यांची वकीलही होते. लेकीला खोटं बोलावंसं फार वाटत होतं.

“आता नाही, आण्णा.”

“बरं,” ते म्हणाले. माझ्या हातातून टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली आणि उठले.

घरी पोचलो तर पोतं सकाळी टाकलं तसंच मधल्या खोलीत पालथं पडलेलं होतं. आमच्या आधी पोलीस लाईननं आईला सगळं रंगवून सांगितलेलं होतं. मला वाटलं, आता नाकाचा विषय निघणार. पण आईनं आण्णांच्या चेहऱ्याकडं बघितलं, पदर खोचला आणि एकटीनंच ते पोतं ओढत कोपऱ्यात नेऊन उभं केलं.

नंतरच्या एका बाजारच्या दिवशी कल्लाप्पा कोष्टी पिऊन आला. कल्लाप्पा पिऊन आला की वांग्याच्या पाट्या उधळायचा, ही त्याची नेहमीची कला. फौजदार लांबूनच ओरडले, “येडगे, पाडा त्याला!” आण्णांनी त्याला धरला, जमिनीवर बसवला, मागून दोन्ही हातांनी कवळा घातला आणि स्वतः त्याच्या पाठीशी मांडी घालून बसले. भर बाजारात दोघं झोके घेतल्यासारखे डुलत होते. कल्लाप्पा आण्णांच्या दंडाला कडकडून चावला. मग त्यांच्या पोशाखावर भडाभडा ओकला. बाजार फिदीफिदी हसला आणि फौजदार म्हणाले, “येडगे, म्हातारे झालात.” आण्णा म्हणाले, “हुय साहेब,” आणि जीप येईस्तवर कवळा सोडला नाही. घरी आल्यावर आई दंडाला हळद लावताना त्या कल्लाप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्लाप्पा सुटला आणि तडक आमच्या दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

“माझी चप्पल कुटाय? काल बाजारात माझी चप्पल घालवलीस! भरून दे! ए शिपाया!”

लाईनमधली दारं धडाधड उघडली. शेजारचे दोघं बनियनवरच बाहेर आले, म्हणाले, “आण्णा, घेऊ का ह्याला आत?” आण्णा उंबऱ्यात चहा पीत बसले होते, दंडाला फडकं बांधलेलं.

“वरडू दे,” ते म्हणाले.

“ए शिपाया! बहिरा झालास का?”

मी आण्णांकडं बघितलं. ते काहीच बोलले नाहीत. बशीतला चहा फुंकत कल्लाप्पाकडं बघत राहिले. शेवटी आतून आईच कडाडली, “हवालदार म्हण, मुडद्या!”

आण्णा हसले. खदाखदा हसले. मग बशी खाली ठेवून उठले आणि पायातल्या स्वतःच्या चपला काढून कल्लाप्पापुढं ठेवल्या. कल्लाप्पानं त्या घातल्या, दोन पावलं चालून बघितलं, ढिल्या होतात म्हणून आणखी एक शिवी हासडली आणि निघाला. शेजाऱ्यांचा उद्धार, फौजदारांचा उद्धार, चपलांचा उद्धार करत तो लाईन ओलांडून रस्त्याला लागला. आण्णा अनवाणी दारात उभेच होते. मी म्हटलं, “आण्णा, चला की आत, गेला तो.”

त्यांनी हात वर करून मला गप केलं.

“थांब जरा,” ते म्हणाले. “ऐकू येतोय अजून.”